बाया येत नाहीत, हे कोणी ठरवलं?

मार्च उजाडला की नागपुरात महिला आरोग्य शिबिरांची रीघ लागते. समाजभवन, नाहीतर चौकातला मांडव. मागे फ्लेक्स, त्यावर भाऊंचा आणि वहिनींचा हात जोडलेला फोटो. एका टेबलावर बीपी, दुसऱ्यावर शुगर, तिसऱ्यावर हिमोग्लोबिन, आणि जाताना कॅल्शियमच्या गोळ्यांची पट्टी. तर्री पोहा असतोच. नसते ती गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची तपासणी. तिला बाईला झोपवायला टेबल लागतं, आडोसा लागतो, उजेड लागतो, हात धुवायला पाणी लागतं, आणि मांडवात यातलं काहीच नसतं. फार तर एखाद्या डॉक्टर मॅडम माइकवरून ‘तिशीनंतर तपासून घ्या बरं का’ असं सांगतात, समोरच्या खुर्च्यांवरच्या बाया मान डोलावतात आणि दुपारपर्यंत मांडव उतरतो.

मग उरलेलं वर्षभर एकच वाक्य ऐकू येतं: ‘आम्ही सांगतो हो, पण बाया येत नाहीत. लाजतात.’ अधिकारी हे म्हणतात, डॉक्टर म्हणतात, शिबिरं भरवणारे कार्यकर्तेही म्हणतात, आणि म्हणताना सगळ्यांचाच चेहरा जरा हलका होतो. जबाबदारी बाईच्या अंगावर टाकली की आपले हात मोकळे. माझं म्हणणं एवढंच आहे की हे निदान चुकीचं आहे. बाया येत नाहीत कारण त्यांना कोणी नाव घेऊन बोलावतच नाही. आणि ज्या येतात त्यांना दुसरीकडे पाठवलं जातं, तिथून तिसरीकडे.

आधी रोगाची चाल पाहू, कारण मेख तिथेच आहे. गर्भाशयाचं तोंड योनिमार्गात उघडतं, तिथे हा कर्करोग होतो. जवळजवळ प्रत्येक वेळी त्यामागे ह्यूमन पॅपिलोमा विषाणू म्हणजे एचपीव्ही असतो. त्याचे शंभराहून जास्त प्रकार आहेत. त्यांतले १६ आणि १८ क्रमांकाचे दोनच सुमारे ७० टक्के रुग्णांच्या मुळाशी सापडतात. हा संबंध दाखवून दिल्याबद्दल हाराल्ड त्सुर हाउझेन या जर्मन शास्त्रज्ञाला २००८ मध्ये नोबेल मिळालं. विषाणू शरीरसंबंधातून येतो आणि इतका सर्रास आहे की बहुतेक स्त्री-पुरुषांना आयुष्यात केव्हा ना केव्हा तो होऊन गेलेला असतो. बहुतेकींच्या शरीरातून वर्ष-दोन वर्षांत आपसूक निघूनही जातो. थोड्या जणींच्यात मात्र तो मुक्काम ठोकतो. तिथल्या पेशी हळूहळू बिघडू लागतात, आणि त्या बिघाडाचा कर्करोग व्हायला साधारण १५ ते २० वर्षं लागतात.

पंधरा-वीस वर्षं! एवढी सवड देणारे कर्करोग थोडेच. या काळात काही दुखत नाही, काही दिसत नाही, पण तपासलं तर कळतं. आणि कळलं तर बऱ्याचदा उपाय एवढासाच असतो: बिघडलेला भाग गरम टोकाच्या उपकरणाने जाळून टाकायचा. भरती व्हावं लागत नाही, आणि बाई त्याच दिवशी चालत घरी जाते.

ही सवड वाया गेली की काय होतं ते पाहायचं असेल, तर तुकडोजी पुतळ्याजवळच्या प्रादेशिक कर्करोग रुग्णालयाच्या परिसरात जरा वेळ उभं राहावं. गडचिरोली, गोंदिया, भंडारा, यवतमाळ, तिकडून छिंदवाडा, बालाघाट. सगळीकडच्या पिशव्या, सतरंज्या आणि स्टीलचे डबे तिथे दिसतात. रोग पुढे गेलेला असला की शेक, म्हणजे बाहेरून दिलेलं रेडिएशन, घ्यावा लागतो, आठवड्यातून पाच दिवस, पाच-सहा आठवडे. जोडीला केमो, आणि नंतर आतून द्यायचं रेडिएशन. म्हणजे गावची बाई दीड-दोन महिने नागपुरात. सोबत कोणीतरी. घरी कापूस वेचायचा राहिलेला, लेकरं आजीजवळ, गाय शेजाऱ्यांकडे. महात्मा फुले जन आरोग्य योजनेतून उपचाराचे पैसे मिळतात, ही चांगलीच गोष्ट. पण राहण्याखाण्याचं, बुडालेल्या मजुरीचं कोणती योजना देते? आणि एवढं करूनही तिसऱ्या टप्प्यातल्या बाईच्या जगण्याची शाश्वती पहिल्या टप्प्यातलीच्या जवळपासही नसते. सरकार या रोगाच्या शेवटच्या अंकावर खर्च करायला तयार आहे. पहिल्या अंकाला प्रेक्षागृहात कोणी नसतं.

देशाचे आकडे एकदा सांगून टाकतो. २०२२ च्या जागतिक अंदाजानुसार भारतात वर्षाला सुमारे १ लाख २७ हजार स्त्रियांना हा कर्करोग झाला आणि जवळपास ८० हजार दगावल्या. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाने २०१९ ते २०२१ दरम्यान ३० ते ४९ वयाच्या स्त्रियांना विचारलं, ही तपासणी कधी एकदा तरी केलीत का? ‘हो’ म्हणणाऱ्या १.९ टक्के. जागतिक आरोग्य संघटनेचं २०३० साठीचं लक्ष्य आहे ७० टक्के, तेही दोनदा: पस्तिशीच्या आत एकदा, पंचेचाळिशीच्या आत पुन्हा एकदा. शंभरात दोन आणि शंभरात सत्तर यांच्यामधली दरी बायांच्या लाजेने भरलेली आहे, असं ज्यांना वाटतं त्यांनी उस्मानाबादला, म्हणजे आताच्या धाराशिवला, काय झालं ते ऐकावं.

१९९९ साली त्या जिल्ह्यातल्या गावांमध्ये एक मोठा अभ्यास सुरू झाला. बार्शीचं नर्गिस दत्त रुग्णालय, मुंबईचं टाटा आणि फ्रान्समधली आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था अशी तिघांची ती जोडणी. ३० ते ५९ वयाच्या १ लाख ३१ हजारांहून अधिक निरोगी स्त्रिया त्यात होत्या, बहुतेक शेतात राबणाऱ्या. कार्यकर्त्या घरोघरी गेल्या, नावं लिहून घेतली, समजावून सांगितलं, तारीख दिली. आणि ज्यांना तपासणीला बोलावलं त्यांतल्या दर चौघींपैकी तिघी किंवा त्याहून जास्त आल्या. मराठवाड्यातल्या, डोक्यावर पदर घेणाऱ्या बाया. लाजल्या असतील, नाही असं नाही. पण आल्या. आठ वर्षांनी निष्कर्ष निघाला: आयुष्यात फक्त एकदा एचपीव्हीची चाचणी झालेल्या गटात पुढच्या टप्प्याचे कर्करोग आणि मृत्यू तपासणी न झालेल्या गटाच्या तुलनेत जवळपास निम्मे. २००९ साली हे जगातल्या बड्या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं आणि जगभरच्या मार्गदर्शक सूचनांमागे आज तो पुरावा उभा आहे.

मुंबईच्या वस्त्यांमध्ये टाटाने असाच दुसरा अभ्यास केला. तिथे तर साधन होतं पातळ ॲसिटिक आम्ल, म्हणजे आपलं व्हिनेगरच. गर्भाशयमुखाला ते लावायचं, मिनिटभर थांबायचं. पेशी बिघडलेल्या असतील तर पांढरा डाग उमटतो. तपासणाऱ्या डॉक्टर नव्हत्या, दहावीपर्यंत शिकलेल्या, प्रशिक्षण दिलेल्या आरोग्यसेविका होत्या. दर दोन वर्षांनी अशी तपासणी केलेल्या गटात या रोगाचे मृत्यू ३१ टक्क्यांनी घटले. तुलनेसाठीच्या गटातल्या बायांना मात्र फक्त माहिती दिली गेली, तपासलं गेलं नाही; यावरून या अभ्यासांवर पुढे बरीच टीका झाली आणि ती रास्त होती. त्या टीकेतून एक गोष्ट निघते जी मला जास्त टोचते. महाराष्ट्रातल्या बायांनी जगाला पुरावा दिला, काहींनी तो न तपासल्या गेलेल्या गटात राहून दिला, आणि महाराष्ट्रातल्या बायांपर्यंतच तो पोहोचला नाही.

‘बोलावणं’ म्हणजे नेमकं काय, याचं उत्तर इंग्लंडने दिलंय. तिथे १९६४ पासून पॅप तपासणी, म्हणजे गर्भाशयमुखाच्या पेशी काढून पाहायची तपासणी, उपलब्ध होती, फुकट होती. पण जिला सुचेल ती यायची; म्हणजे शिकलेल्या, तरुण, धोका कमी असलेल्याच पुन्हा पुन्हा यायच्या. मृत्यूंवर म्हणावा तसा परिणाम दिसेना. १९८८ मध्ये त्यांनी संगणकावर प्रत्येक बाईची नोंद केली, ठरलेल्या मुदतीला नावानिशी पत्र पाठवायला लागले, आली नाही तर पुन्हा पत्र. आधी शंभरात चाळीसच्या आसपास बाया तपासून घ्यायच्या, ती टक्केवारी सहा-सात वर्षांत ८५ च्या घरात गेली, आणि मृत्यू खरोखर उतरू लागले. चाचणी तीच होती आणि बायाही त्याच होत्या. बदल झाला तो कचेरीत.

आता कोणी म्हणेल, अहो ते इंग्लंड, आपल्याकडे कुठल्या याद्या! आपल्याकडे? २०२४ साली ‘लाडकी बहीण’ आली तेव्हा या राज्याने २१ ते ६५ वयाच्या दोन कोटींहून अधिक स्त्रियांची यादी काही महिन्यांत उभी केली. नाव, वय, पत्ता, मोबाइल, आधार, बँक खातं. अंगणवाडीताईंनी रात्री उशिरापर्यंत बसून अर्ज भरले. सर्व्हर बंद पडला की पहाटे भरले. तपासणीचं वय आपल्या केंद्र सरकारच्या सूचनांप्रमाणे ३० ते ६५. म्हणजे जिला बोलवायचं तिचा फोन नंबर सरकारच्या खिशात आहे, आणि हप्ता जमा झाल्याचा मेसेज तिला बरोबर जातो. पैसे आणि तपासणी एकमेकांना बांधा, असं मी मुळीच म्हणत नाही. तपासणी केली नाही तर हप्ता बंद, असा अचरटपणा कोणी सुचवलाच तर त्याला आधी विरोध करणाऱ्यांत मी असेन. पोटाच्या पैशाच्या बदल्यात बाईला टेबलावर झोपवणं ही जबरदस्ती आहे. आणि एका कामासाठी दिलेली माहिती दुसऱ्या कामाला वापरायची तर तिला विचारूनच. पण ‘यादी कुठून आणू’ हा प्रश्न आता निकालात निघालाय, एवढं तरी कबूल करायला हवं.

खरं तर आरोग्य खात्याची स्वतःची यादीही आहे. आशाताई घरोघरी जाऊन तिशीपुढच्या प्रत्येकाचा ‘सीबॅक’ फॉर्म भरतात. त्यात बायांसाठी प्रश्न आहेत: दोन पाळ्यांच्या मध्ये रक्त जातं का, पाळी गेल्यावर जातं का, संबंधानंतर जातं का, घाण वास येतो का. प्रश्न उत्तम आहेत. पण ते कसे विचारले जातात ते पाहिलंय का? नंदनवनकडच्या एका वस्तीत मी पाहिलं. दारातल्या खुर्चीवर आशाताई, मांडीवर फॉर्मांचा गठ्ठा. उंबऱ्यात सून उभी. आत दिवाणावर सासरे टीव्ही पाहताहेत, बाजूला सासू लसूण सोलतेय. ताईंनी आवाज बारीक करून विचारलं, ‘ते… नंतर काही लाल-बिल जाते का वं?’ सुनेने आत एक नजर टाकली आणि म्हणाली, ‘नाही ना ताई, मले काय झालं? धडधाकट तर आहो.’ टिक. पुढचं घर. ताईंचा दोष नाही. त्यांना एका फॉर्ममागे मिळतं ते चिल्लरच, आणि पोर्टलवर आकडा दिसला की वरचे साहेब खूश. शिवाय या रोगात ‘काय झालं’ हे विचारणंच उशिराचं आहे. काही होण्याच्या आधीच तर पकडायचंय.

म्हणून त्या दारात प्रश्नाऐवजी स्वॅब द्यावा, असं माझं ठाम मत आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ पासून एचपीव्हीच्या डीएनए चाचणीला पहिली पसंती दिली आहे: तिशीपासून, दर पाच ते दहा वर्षांनी. आणि तिचा नमुना बाई स्वतः घेऊ शकते. मोरीचं दार लावायचं, मऊ टोकाची काडी आत फिरवायची, नळीत घालून परत द्यायची. डॉक्टर नको, टेबल नको, कोणासमोर लुगडं सोडायला नको. लाज हीच अडचण असेल तर लाजेला वळसा घालणारा रस्ता तयार आहे. ऑस्ट्रेलियाने २०२२ पासून सगळ्या स्त्रियांना ही मुभा दिली. व्हिनेगरची तपासणी वाईट नाही, पण ती तपासणाऱ्याच्या नजरेवर फार अवलंबून असते आणि पन्नाशीपुढे तितकीशी उपयोगाची राहत नाही. खर्चाचा मुद्दा खरा आहे. एचपीव्हीची चाचणी व्हिनेगरइतकी स्वस्त नाही. पण पाच-दहा वर्षांतून एकदा करायची चाचणी आणि सहा आठवड्यांचा शेक, यांचा हिशोब मांडायला अर्थतज्ज्ञ लागत नाही.

याद्यांमध्ये एक यादी तर अशी आहे की तिच्यापासून उद्या सुरुवात करता येईल. एचआयव्हीसह जगणाऱ्या स्त्रियांना या कर्करोगाचा धोका सहापट असतो. त्यांची तपासणी पंचविशीपासूनच आणि जास्त वेळा व्हायला हवी. या बाया औषधं घ्यायला नागपुरातल्या मेडिकल आणि मेयो या सरकारी रुग्णालयांच्या एआरटी (एचआयव्हीच्या औषधोपचाराच्या) केंद्रांवर नियमाने येतातच. त्यांना शोधायला कुठे जायचं नाही.

दुसरा प्रश्न पुढच्या चिठ्ठीचा. समजा तपासणी झाली आणि काही निघालं. मग? ‘मोठ्या दवाखान्यात जा.’ तिथे केसपेपर, रांग, ‘आज मॅडम नाहीत’, मंगळवारची तारीख, मंगळवारी कॉल्पोस्कोपी (गर्भाशयमुख भिंगातून पाहणं), रिपोर्ट पुढच्या आठवड्यात. भांडी घासणाऱ्या किंवा बांधकामावरच्या बाईला प्रत्येक फेरीमागे एका दिवसाचा रोज आणि कामावरच्या बाईसाहेबांची बोलणी. तिसऱ्या फेरीला ती जात नाही, आणि आपल्या वहीत तिची नोंद होते: ‘रुग्ण आली नाही’. जाळण्याचं ते उपकरण आता हातात मावणारं, बॅटरीवर चालणारं मिळतं. शहरी प्राथमिक आरोग्य केंद्रात आठवड्यातला एक दिवस ठरवून, ज्यांचा उपचार तिथेच होण्यासारखा आहे त्यांचा तिथेच केला, तर या फेऱ्यांतल्या निम्म्याहून अधिक वाचतील. फक्त खोलीच्या दाराला आतून कडी हवी. हसू नका, कितीतरी ठिकाणी ती नसते.

लाजेबद्दल मी वर जरा उडवून लावल्यासारखं बोललो. तिचा एक भाग मात्र गंभीर आहे. एचपीव्ही संबंधातून येतो हे कळलं की घरात पहिला प्रश्न निघतो, ‘कोणाकडून आणलास?’ आणि तो बहुतेकदा बाईलाच विचारला जातो. विषाणू शरीरात वर्षानुवर्षं गप्प राहू शकतो. लग्नाआधीचा असू शकतो, नवऱ्याकडूनचा असू शकतो, आणि कधीचा हे कोणतीही चाचणी सांगू शकत नाही. एकाच जोडीदारासोबत जन्म काढलेल्या बाईलाही तो होतो. हे रिपोर्ट देतानाच, पहिल्या वाक्यात सांगायला पाहिजे. रिपोर्ट तिच्याच हातात द्यायला पाहिजे, व्हॉट्सॲपवर नवऱ्याच्या नंबरवर नव्हे. एका चुकीच्या पद्धतीने दिलेल्या रिपोर्टमुळे आळीतल्या वीस बाया पुढची दहा वर्षं फिरकत नाहीत.

आणि तपासणी नसली की तिची जागा भीती घेते. भीतीचा धंदा आपल्याकडे जोरात चालतो. अंगावरून पांढरं जातं म्हणून बाई खासगी दवाखान्यात जाते, सोनोग्राफी होते, ‘पिशवीला सूज आहे, उद्या कॅन्सर होईल, काढून टाका’ असं सांगितलं जातं, आणि पस्तिशीच्या आत गर्भाशय निघतं. बीडच्या ऊसतोड कामगार स्त्रियांचं प्रकरण २०१९ मध्ये गाजलं, सरकारला चौकशी समिती नेमावी लागली. विदर्भात हे होत नाही असं छातीठोक सांगणारा माणूस मला भेटायचाय. पांढरं जाणं म्हणजे कर्करोग नव्हे. बहुतेकदा तो साधा जंतुसंसर्ग असतो आणि गोळ्यांनी बरा होतो. जिच्या हातात ‘एचपीव्ही निगेटिव्ह’ असा कागद आहे तिला पिशवीची भीती घालणं अवघड जाईल. तपासणीचा हा फायदा कोणत्याही अहवालात मोजला जात नाही, पण माझ्या मते तो लहान नाही.

याची दुसरी बाजूही आहे. गोकुळपेठ-धरमपेठेतल्या पंचविशीच्या मुलींना ‘वेलनेस पॅकेज’मध्ये एचपीव्ही चाचणी विकली जाते. त्या वयात विषाणू सापडणं नेहमीचंच, आणि तो जाणारही असतो. हाती लागते ती काळजी आणि नको ते उपचार. जिला गरज नाही तिला दोनदा आणि जिला गरज आहे तिला एकदाही नाही, हे बाजारावर सोडलेल्या तपासणीचं नेहमीचं चित्र.

लसीचं काय, असं विचारलं जाईलच. लस द्यावी, नक्की द्यावी. पुण्याच्या सीरमने बनवलेल्या सर्व्हाव्हॅकला २०२२ मध्ये परवानगी मिळाल्यापासून ती आपल्याला परकीही राहिलेली नाही. पण लस मुख्यतः ९ ते १४ वयाच्या मुलींसाठी आहे. तिचा परिणाम मृत्यूंच्या आकड्यांत दिसायला दोन-तीन दशकं जातील, आणि लस घेतलेल्या मुलींनाही पुढे तपासणी लागेलच. आज पस्तीस-चाळीस वर्षांची जी बाई आहे तिच्यासाठी लस उशिरा आली. या मुलींच्या आया नेमक्या त्याच वयाच्या असतात. मुलीला लस द्यायला आई सोबत येते, संमतीपत्रावर सही करते, लस टोचल्यावर अर्धा तास तिथेच बसून राहते. त्या अर्ध्या तासात तिच्या हातात नळी आणि काडी द्यावी, मोरीचा रस्ता दाखवावा, आणि निकाल कोणत्या नंबरवर कळवायचा ते तिलाच विचारून लिहून घ्यावं.